माहितीपत्रकातलं अस्वल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला कळेल. तुम्ही ६४ वर्षांचे, काकू ६१ च्या; दोघंही सांगलीत शिक्षकाची नोकरी करून निवृत्त झालात. काकूंचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. पुढच्या उन्हाळ्यात आर्क्टिकमधले फियॉर्ड आणि तिथले प्राणी बोटीतून पाहायचेत. एजंटानं दोन सहली दाखवल्यात. एक तीन हजार प्रवाशांचं जहाज, जर्मनीहून निघून नॉर्वेच्या किनाऱ्यानं वर येतं, नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमध्ये असलेल्या स्वालबार्ड बेटांना एक दिवस टेकतं आणि परततं. दुसरी शंभरेक प्रवाशांची एक्स्पिडिशन बोट, स्वालबार्डच्या लाँगइयरब्येन गावातूनच सुटते आणि दहा रात्री तिथल्याच बेटांभोवती फिरते. दुसरीचे पैसे जवळजवळ अडीचपट. तिच्या माहितीपत्रकावर बोटीच्या नाळेला पुढचे पंजे टेकून वर बघणारं पांढरं अस्वल आहे. ‘असं अस्वल दिसण्याची खात्री किती, आणि त्यासाठी अडीचपट पैसे मोजावेत का?’ असं तुम्ही विचारलंय.

असं अस्वल दिसणार नाही. तरीही पैसे दुसऱ्या बोटीलाच द्या.

मी गेले अकरा उन्हाळे या बेटांवर गाइड म्हणून काम करतेय, त्यामुळे असले फोटो कधी आणि कसे निघाले ते मला ठाऊक आहे. पूर्वी बोट बर्फाच्या कडेला इंजिन बंद करून थांबायची, आणि एखादं तरुण, चौकस अस्वल वास घेत घेत आपणहून जवळ यायचं. १ जानेवारी २०२५ पासून नियम बदलले. आता १ मार्च ते ३० जून या काळात अस्वलापासून किमान ५०० मीटर आणि उरलेल्या वर्षात किमान ३०० मीटर अंतर ठेवावं लागतं. अस्वल त्याहून जवळ आहे असं लक्षात आलं, तर बोटीनं मागं सरायचं असतं, अस्वलानं नाही. छापील माहितीपत्रकं हे सांगत नाहीत. जुना फोटो फुकटात मिळतो, म्हणून तोच वापरला जातो.

नियम आला तेव्हा मीही कुरकुर केली होती, खोटं कशाला बोलू. मग त्या मोसमात एक अख्खी सकाळ आम्ही एका अस्वलापासून अर्ध्या किलोमीटरवर उभे राहिलो. ते सीलच्या श्वास घेण्याच्या भोकाशी पोटावर पडून होतं. चाळीस मिनिटं त्यानं कान हलवला असेल तर तेवढाच. शेवटी ते झेपावलं, सील निसटला, आणि अस्वल भोकाभोवती दोन चकरा मारून पुन्हा तिथंच आडवं झालं. जवळ आलेली अस्वलं मी पुष्कळ पाहिली होती, पण ती सगळी आमच्याकडे बघत होती. आमच्याकडे लक्ष नसलेलं अस्वल त्या दिवशी मला पहिल्यांदा इतका वेळ पाहायला मिळालं.

म्हणून माझा पहिला सल्ला खरेदीचा आहे. कॅमेऱ्याची मोठी लेन्स घेऊ नका, दुर्बीण घ्या. आणि एक नाही, दोन घ्या. एका दुर्बिणीत दोघं बघतात तेव्हा दोघांचंही अर्धं निसटतं, आणि प्रवासात भांडण होतं ते वेगळंच. ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण असेल, तर ३०० मीटरवरचं अस्वल ३५-४० मीटरवर असल्यासारखं दिसतं, म्हणजे शाळेच्या मैदानाच्या पलीकडच्या कडेला उभ्या मुलाएवढं. त्याचा चेहरा दिसतो, नाकावरचे ओरखडे दिसतात. १० पट मोठं दाखवणारी घेऊ नका. डुलत्या डेकवर हात थरथरतो आणि चित्र ठरत नाही.

आता खात्रीबद्दल. स्वालबार्ड आणि भोवतालच्या बॅरेंट्स समुद्रात मिळून सुमारे ३,००० अस्वलं असावीत असा अंदाज आहे, पण त्यातली बहुतेक बर्फाबरोबर उत्तरेला आणि पूर्वेला सरकतात. वर्षभर बेटांवरच राहणारी सुमारे ३००. दहा रात्रींच्या सहलीत अस्वल मुळीच दिसलं नाही असं माझ्या बाबतीत क्वचितच झालंय. पण कसं दिसेल याचं वचन कुणी देऊ नये. काही वेळा दोन किलोमीटरवर एक पिवळसर ठिपका, बस. पिवळसर म्हणते कारण बर्फावर अस्वल पांढरं दिसतच नाही, साजूक तुपाच्या रंगाचं दिसतं. त्याच रंगाचे दगडही खूप आहेत. दर सहलीत पहिल्या दोन दिवसांत प्रवासी दहा-बारा ‘अस्वलं’ शोधतात, त्यातली सगळी दगड निघतात. आम्ही त्यांना दगडी अस्वलं म्हणतो.

मोठ्या जहाजाचं का नको, ते सांगते. त्याच २०२५ च्या नियमांनुसार संरक्षित भागात २०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला शिरता येत नाही. स्वालबार्डची जवळजवळ ६५ टक्के जमीन संरक्षित आहे, आणि तुम्हाला जे पाहायचंय ते बहुतेक सगळं त्यातच येतं. संरक्षित भागात किनाऱ्यावर उतरायलाही ठरवून दिलेल्या ४३ जागाच उरल्यात. म्हणजे तीन हजारांचं जहाज लाँगइयरब्येनला लागतं, प्रवासी उतरतात, आणि जेमतेम अडीच हजार वस्तीच्या गावात गावापेक्षा जास्त माणसं स्वेटर विकत घेत फिरतात. वाईट नाही ते. नॉर्वेचा किनारा सुंदरच आहे आणि तो बघायला त्या जहाजावरून जरूर जावं. पण त्या जहाजावरून तुम्हाला प्राण्यांचा आर्क्टिक दिसणार नाही. ‘आर्क्टिक फियॉर्ड’ हे शब्द दोन्ही माहितीपत्रकांवर आहेत म्हणून सहली एकसारख्या ठरत नाहीत.

फियॉर्ड म्हणजे खाडी, असं भूगोलाच्या तासाला आपल्याला सांगतात. माझं लहानपण जयगडच्या खाडीकाठी गेलं, त्यामुळे इथं पहिल्यांदा आले तेव्हा मी खाडीच बघायला आले होते. पण आपली खाडी उथळ, गाळाची. तांडेल बांबू टाकून तळ बघतो. फियॉर्ड हिमनदीनं कोरलेला असतो. हिमनदी डोंगर खरवडत खाली आली, मग मागं हटली, आणि त्या खोल दरीत समुद्र शिरला. म्हणून किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर शेकडो मीटर पाणी असतं आणि बोट डोंगराला खेटून जाऊ शकते. फियॉर्डच्या पोटात, अगदी आतल्या टोकाला, बहुतेक वेळा ती हिमनदी अजून उभी असते.

त्या भिंतीसमोर रबरी बोटीत बसून घालवलेला तास हा माझ्या मते सगळ्या सहलीचा गाभा आहे. झोडियाक म्हणतात त्या बोटींना. एकीत दहा-बारा माणसं बसतात. हिमनदीच्या तोंडापासून २०० मीटरच्या आत मी कधी बोट नेत नाही, कारण बिल्डिंगएवढा तुकडा पडला की लाट येते. तुकडा पडताना आधी दिसतो, आवाज नंतर येतो, आपल्याकडे वीज चमकते आणि मग गडगडते तसा. तीन सेकंदांनी आवाज आला तर भिंत किलोमीटरभर लांब आहे असं समजावं; डोळ्यांना ती दगड मारावा इतकी जवळ वाटत असते. इथं झाड नाही, घर नाही, माणूस नाही, त्यामुळे मापाला काहीच मिळत नाही आणि अनुभवी माणसाचाही अंदाज चुकतो.

इंजिन बंद केलं की पाणी तडतडायला लागतं. फोडणीत मोहरी तडतडावी तसा, पण सगळीकडून येणारा आवाज. बर्फात शेकडो वर्षांपूर्वी दाबली गेलेली हवा बर्फ वितळताना बुडबुड्यांतून सुटते, त्याचा तो आवाज. हिमनदीच्या पायथ्याशी समुद्र एका ठिकाणी चहासारखा तपकिरी होतो. बर्फाखालून वाहणारं गोडं पाणी तिथं वर येतं आणि खोलातले बारीक जीव वर आणतं, म्हणून किटीवेक नावाचे समुद्रपक्षी त्या डागावर शेकड्यांनी तुटून पडतात. तरंगत्या बर्फाच्या लादीवर दाढीवाला सील पडलेला असतो. त्याचं तोंड बरेचदा गंजल्यासारखं तांबडं दिसतं. जखम नाही ती. हा सील तळाच्या चिखलात तोंड खुपसून शिंपल्या शोधतो, त्या चिखलातल्या लोहानं केस रंगतात. जूनच्या सुरुवातीला आलात, तर पाण्यात सोडलेल्या माइकमधून या सीलच्या नरांचं गाणं ऐकू येतं. दिवाळीतला बाण उलटा, वरून खाली येत विझावा, तशी लांब शीळ.

वेळ कोणती, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बोटीइतकंच ते महत्त्वाचं आहे. एप्रिलच्या २० तारखेच्या सुमारास लाँगइयरब्येनला मावळणं बंद झालेला सूर्य ऑगस्टच्या २२-२३ तारखेपर्यंत वर राहतो. मे आणि जूनमध्ये डोंगर पूर्ण पांढरे, फोटो सुरेख येतात, पण बरेच फियॉर्ड आतून गोठलेले असतात आणि तो बर्फ फोडत आत जायला बंदी आहे. अस्वलासाठी ५०० मीटरही तेव्हाच. ऑगस्टमध्ये बेटांना पूर्ण फेरी घालण्याची शक्यता सगळ्यात जास्त, पण कड्यांवरचे पक्षी तोवर निघून गेलेले असतात. सप्टेंबरमध्ये सूर्यास्त परत येतो, उजेड तांबूस होतो, थंडी बोचते. तुमच्यासाठी मी जुलैचा दुसरा पंधरवडा सुचवते. अंतर ३०० मीटर झालेलं असतं, उत्तर किनारा बहुधा मोकळा होतो, आणि मुख्य म्हणजे आल्केफ्येलेटचा कडा तेव्हा भरलेला असतो.

या कड्यासाठी मी जरा जास्त वेळ घेते. बेटांच्या ईशान्येला हिनलोपेन नावाची सामुद्रधुनी आहे. तिच्या काठी डोलेराइट नावाच्या काळ्या खडकाचे शंभर मीटर उंच खांब उभे आहेत, जणू कुणी भल्यामोठ्या पुस्तकांची चळत लावून ठेवलीय. त्यांच्या प्रत्येक कंगोऱ्यावर ब्रुनिखचे गिलेमॉट नावाचे काळेपांढरे पक्षी खांद्याला खांदा लावून उभे असतात. सुमारे ६०,००० जोड्या. घरटं नाही, काडी नाही, उघड्या दगडावर एकच अंडं. आधी वास येतो, मग आवाज, मग धुक्यातून कडा. वर मान करून बघताना तोंड मिटलेलं ठेवा, हा सल्ला मी गंमत म्हणून देत नाही.

जुलैच्या शेवटाकडे पिल्लं तीन आठवड्यांची होतात. उडता येत नाही, पंख अर्धवट. खालून बाप हाका मारतो आणि पिल्लू उडी टाकतं. नेम बसला तर पाण्यात, चुकला तर खडकावर, आणि खडकावर कोल्हा वाट बघत असतो. वरून मोठे कुरव टपलेले असतात. वाचलेलं पिल्लू आणि बाप पोहतच दक्षिणेकडे निघतात. आई मागं राहते. बोटीवरचे लोक पिल्लाच्या बाजूनं ओरडतात, मीही ओरडते मनातल्या मनात. पण त्याच कोल्ह्याची चार पिल्लं बिळात असतात, हे पहिल्या मोसमात कुणीतरी मला सांगितलं, तेव्हापासून माझं ओरडणं जरा कमी झालं.

आता सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेबद्दल. ‘दिवस चौथा: मोनाको हिमनदी, दिवस पाचवा: हिनलोपेन’ असं छापलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. रोजचा मार्ग कॅप्टन आणि एक्स्पिडिशन लीडर बर्फाच्या नकाशावरून ठरवतात. नॉर्वेचं हवामान खातं कामाच्या दिवशी रोज तो प्रसिद्ध करतं: दाट बर्फ लाल, त्याहून विरळ नारिंगी, मग पिवळा, हिरवा, आणि मोकळं पाणी निळं. घरबसल्याही तो बघता येतो, निघण्याआधी महिनाभर बघत राहा, पुढं बोटीवरच्या निम्म्या चर्चा आपोआप कळतील. त्यात एक गोष्ट लगेच दिसेल: पश्चिम किनारा बहुतेक मोकळा आणि पूर्व किनारा अडलेला. अटलांटिकचा उबदार प्रवाह पश्चिमेनं वर येतो, पूर्वेला ईशान्येकडून थंड पाणी आणि बर्फ उतरतो. म्हणून वसाहती, खाणी, संशोधनकेंद्रं सगळी पश्चिमेला आणि अस्वलं, वॉलरस जास्त करून उत्तरेला आणि पूर्वेला. एका वर्षी हिनलोपेनचं तोंड बर्फानं असं बंद केलं की आम्ही दोन दिवस वाट पाहून परत फिरलो. बोटीवरच्या एका गृहस्थांनी माहितीपत्रक पुढं करून पैसे परत मागितले. त्याच संध्याकाळी बर्फाच्या कडेनं येताना तीन बेलुगा देवमासे दिसले, तेव्हा ते गृहस्थ केबिनमध्ये रागावून झोपले होते.

पश्चिमेचे फियॉर्डही कमी नाहीत. कोंग्सफ्योर्डमध्ये नी-ओलेसुंड हे संशोधनाचं गाव आहे, ७८ अंश ५५ मिनिटं उत्तर. तिथं १ जुलै २००८ ला सुरू झालेलं ‘हिमाद्री’ हे आपलं केंद्र आहे, आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. आत जाता येत नाही, बाहेरून पाटी बघायची. तरी आपल्या लोकांचे डोळे तिथं भरून येतात. या गावात पाऊल ठेवण्याआधी फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करावं लागतं, कारण तिथल्या अँटेना दूर अंतराळातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. गावाबाहेर विमानबंदर नसलेल्या काळातला लोखंडी मनोरा उभा आहे: १९२६ साली आमुनसेन, एल्सवर्थ आणि नोबिले या ध्रुवप्रवाशांचं ‘नोर्गे’ हे हवाई जहाज त्याला बांधलं होतं आणि तिथूनच ते ध्रुवावरून पलीकडे अलास्काला गेलं. रस्त्याच्या कडेला सुरय पक्ष्यांची घरटी असतात. ते डोक्यावर चोच मारतात, रक्त काढतात. हात किंवा काठी डोक्याच्या वर धरून चाला, ते सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतात. चिडू नका त्यांच्यावर. हिवाळ्यात तो पक्षी दक्षिण ध्रुवाच्या समुद्रापर्यंत जाऊन आलेला असतो.

वॉलरसही पाहाल. लोळत पडलेला कळप लांबून मातीच्या ढिगाऱ्यासारखा वाटतो, आणि वाऱ्याची दिशा बदलली की गोठ्याची आठवण येते. पाण्यातून नुकता वर आलेला वॉलरस राखाडी असतो, ऊन लागल्यावर कातडीत रक्त परततं आणि तो गुलाबी होत जातो. दातांसाठी आणि तेलासाठी माणसानं त्यांना इथं जवळजवळ संपवलं होतं. १९५२ मध्ये शिकार बंद झाली, तेव्हा जेमतेम काही उरले होते. आज ते परत आलेत. त्यांच्या विश्रांतीच्या जागेपासून बोट १५० मीटर लांब ठेवावी लागते आणि वेग ५ नॉटच्या, म्हणजे ताशी नऊएक किलोमीटरच्या वर नेता येत नाही.

काकूंच्या गुडघ्याचं आता बोलू. चालण्यापेक्षा चढ-उतार हीच खरी कसोटी. मोठ्या बोटीच्या बाहेरच्या शिडीनं खाली झोडियाकपर्यंत यायचं असतं, आणि झोडियाक लाटेवर वरखाली होत असते. खलाशी हात देतो तेव्हा पंजा धरायचा नाही, एकमेकांची मनगटं धरायची. ओला पंजा निसटतो, मनगट निसटत नाही. किनाऱ्यावर धक्का नसतो. बोटीच्या फुगीर कडेवर बसून पुढं सरकायचं, दोन्ही पाय बोटीच्या मागच्या दिशेनं फिरवून बाहेर काढायचे आणि घोटाभर, कधी गुडघाभर पाण्यात उतरायचं. उंच रबरी बूट बोटीवर मिळतात. आत्तापासून घरी रोज कठडा धरून जिने उतरण्याचा सराव करा, आणि तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना ही पाय फिरवण्याची क्रिया करून दाखवा; सहलीचं नाव सांगून होकार मागू नका. किनाऱ्यावर बहुधा तीन गट होतात: डोंगर चढणारे, मध्यम चालणारे आणि काठाकाठानं रेंगाळणारे. काकूंनी शेवटचा गट घ्यावा, तुम्हीही त्यांच्याबरोबर राहा. डोंगर चढणारे दम खात जमिनीकडे बघत असतात. रेंगाळणाऱ्यांना रेनडिअर, कोल्हा, आणि बोटाच्या पेराएवढ्या उंचीची ध्रुवीय विलोची झाडं दिसतात. इथलं जंगल पायाखाली असतं, त्यामुळे पाऊल बघून टाकावं.

गटाच्या पुढं-मागं आमच्यापैकी दोघं-तिघं बंदूक आणि इशारा-पिस्तूल घेऊन असतात. बंदूक बघून घाबरू नका. ती वापरायची वेळ आली तर आमचं आधीचं काम चुकलं, असंच आम्ही मानतो. धुकं उतरलं की लांबचं दिसत नाही, म्हणून उतरणं रद्द होतं. तेव्हा आमच्याशी हुज्जत घालू नका, एवढी मात्र विनंती.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र बर्फानं नाही, कागदानं होतं. स्वालबार्ड नॉर्वेचं आहे, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही. तिथं जायला वेगळा व्हिसा लागत नाही, तरी ऑस्लोवरून जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. म्हणून किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवा. काही वर्षांपूर्वी पुण्याहून आलेलं एक जोडपं एका प्रवेशाचा व्हिसा घेऊन निघालं होतं. ज्यांनी तो काढून दिला त्या एजंटाला हा भेद माहीतच नव्हता. ऑस्लोच्या पासपोर्ट तपासणीत त्यांना थांबवलं. बोट त्यांच्याशिवाय सुटली. त्यांचं केबिन दहा दिवस रिकामं होतं, आणि रोज जेवणाच्या टेबलावर त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या कुणीतरी सवयीनं मांडत होतं. अर्जावर ‘मल्टिपल’ लिहिलंय ना, हे स्वतः बघा. विम्यात आजारी माणसाला विमानानं हलवण्याचा खर्च धरलाय ना, तेही. लाँगइयरब्येनचं रुग्णालय लहान आहे, गंभीर रुग्णाला मुख्य भूमीवर ट्रोम्सोला न्यावं लागतं. आणि लाँगइयरब्येनला बोट सुटण्याच्या आदल्या दिवशीच पोहोचा. बॅग एक दिवस उशिरा येणं इथं नेहमीचं आहे.

कपड्यांचं थोडक्यात. जुलैत तापमान शून्य ते सात-आठ अंश असतं, महाबळेश्वरच्या थंड पहाटेहून फार वेगळं नाही. मारतो तो वारा. झोडियाकमध्ये तासभर न हलता बसायचं असतं. अंगालगत सुती बनियन नको, घामानं ओलं झालं की वाळत नाही. लोकरीचं थर्मल घाला. वर एक उबदार थर, त्यावर वारा-पाणी अडवणारी पँट आणि जॅकेट. हातमोजे दोन: आत पातळ, बाहेर जाड. डोळ्यांवर बांधायची पट्टी आणा, रात्री दोन वाजताही खिडकीत लख्ख ऊन असतं. बोट लागण्याची सवय असेल तर गोळी मळमळायला लागल्यावर नाही, आधी घ्यायची. कोणती ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. फियॉर्डच्या आत पाणी बहुधा तळ्यासारखं असतं, दक्षिणेच्या टोकाला वळसा घालताना मात्र हलतं.

शाकाहारी आहात हे आरक्षण करतानाच कळवा, व्यवस्था होते. डाळीचं सूप, पाव, बटाटे, सॅलड, चीज. चौथ्या दिवशी वरणभात आठवतो, पाचव्या दिवशी जास्त आठवतो. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं आणा. पेढे, तूप आणू नका, दुधाचे पदार्थ युरोपबाहेरून नॉर्वेत नेता येत नाहीत. आणि किनाऱ्यावर उतरताना खिशात शेंगदाणासुद्धा नको. उतरण्याआधी आम्ही बुटांचे तळवे घासून जंतुनाशकात बुडवतो, जॅकेटच्या वेल्क्रोमधलं गवताचं बी व्हॅक्यूमनं काढतो. हे सोवळं वाटेल, पण २०२३ मध्ये इथं मेलेला एक वॉलरस बर्ड फ्लूनं गेल्याचं नंतर सिद्ध झालं, तेव्हापासून कुणी त्याला हसत नाही.

एका गोष्टीचं माझ्याकडे धड उत्तर नाही. माझ्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी कोंग्सफ्योर्ड हिवाळ्यात गोठलेला पाहिलाय. २००६ नंतर तो बहुतेक हिवाळ्यांत मोकळाच असतो. सीलना पिल्लं घालायला गोठलेला फियॉर्ड लागतो, अस्वलाला सील लागतो. आता अस्वलं जूनमध्ये बदकांच्या बेटांवर चढून अंडी खाताना दिसतात. हे बघायला आपण सांगलीहून विमानं बदलत, डिझेल जाळत येतो. मी त्यावर पोट भरते, तेव्हा तुम्हाला येऊ नका म्हणण्याचा अधिकार मला नाही. यायचंच तर एकदा या, दहा रात्रींसाठी या, आणि स्वस्तातल्या पाच रात्रींच्या सहलीसाठी एवढ्या लांब येऊ नका.

आरक्षणाआधी एजंटाला तीन गोष्टी लेखी विचारा. बोटीवर जास्तीत जास्त प्रवासी किती, गाइड किती, आणि सगळे प्रवासी एकाच वेळी झोडियाकमध्ये बसू शकतात का. तिसऱ्याचं उत्तर ‘पाळीपाळीनं’ असं आलं, तर तुमचा किनाऱ्यावरचा वेळ निम्मा होतो. उत्तर टाळलं, तर दुसरा एजंट बघा.

दुर्बिणी मात्र आत्ताच घ्या, सहलीच्या आठवड्यात नको. कृष्णेच्या घाटावर सकाळी जा, पाण्यात बुड्या मारणारा पाणकावळा कुठं वर येतो ते आधी नुसत्या डोळ्यांनी शोधा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावा. पहिले पंधरा दिवस तो सापडणार नाही, नुसतं पाणी दिसेल. काकूंना तुमच्या आधी सापडायला लागेल, असा माझा अंदाज आहे.